मठ्ठ्याच्या पिंपासमोरचा माणूस

अन्वय आणि रेवा,

तुमच्या आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. मठ्ठ्याचं मोठं स्टीलचं पिंप, त्यापुढे दोन्ही हात पसरून उभा असलेला एक किडकिडीत माणूस, डोक्यावर कलता फेटा, खिशातून लोंबणारी वायर, आणि मागे तोंड उघडं टाकून बघणारा आचारी. गेल्या रविवारी फोनवर अन्वयने विचारलं, "आजी, हे कोण? प्यायलेत का?" त्याच फोनवर रेवाने सांगितलं की तिला कॉलेजात अँटिबॉडी वापरून घातक जंतू ओळखायचा प्रकल्प मिळाला आहे, "पण आजी, तुला ते सांगणं जरा कठीण आहे गं."

बाळांनो, दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते प्यायलेले नव्हते. दुसऱ्यांना पिऊ देत नव्हते. आणि अँटिबॉडी मला ठाऊक आहे. ती माझ्या फ्रिजमध्ये दुसऱ्या कप्प्यात चार वर्षं राहत होती. हल्ली मला नावं आठवायला वेळ लागतो, म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते. क्रमाने लिहिते. क्रम सोडला की मला चुकल्यासारखं होतं.

त्यांचं नाव निकुंभ सर. मी इंग्रजी शिकवत होते त्याच कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, आणि कॉलेज रोडला आमच्या शेजारच्या बंगलीत राहायचे. मूळचे सटाण्याकडचे. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला किंवा आनंद झाला की आतली अहिराणी वर यायची. "मॅडम, निकाल आला" असं म्हणाले तर निकाल बेताचा समजायचा. "काम व्हयी गयं!" म्हणाले तर चांगला.

त्यांचा नमस्कार फार मनापासूनचा असे. हात मिळवावा लागू नये, हे त्याचं कारण. बाहेर ते काही खात नसत. लग्नाला जात, अक्षता टाकत, आहेर देत आणि उपाशी घरी येत. पाणीपुरीच्या गाडीपाशी त्यांची स्कूटर आपोआप मंदावायची. लोक अपघात बघायला थांबतात ना, तशी. गाडीवाल्याचा हात मडक्यात कोपरापर्यंत बुडला की ते डोळे मिटून घेत आणि "शंका आहे" एवढंच म्हणत. "शंका आहे" हे त्यांचं पालुपद होतं. कॅन्टीनच्या चटणीबद्दल शंका, तीर्थाबद्दल शंका, माझ्या कैरीच्या पन्ह्याबद्दलसुद्धा शंका. मी रागावले तर म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर नाही. माठावर."

एकदा प्राचार्यांचा सत्कार झाला आणि सगळ्यांना पेढे वाटले. आम्ही ते तोंडात टाकले, निकुंभ सरांनी आपला परीक्षानळीत टाकला. तिसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला: 'सत्काराचा पेढा. तपासणीअंती खाण्यास अयोग्य.' खाली सही.

प्राचार्यांनी भरल्या स्टाफरूममध्ये विचारलं, "निकुंभ, हे दोन दिवसांनी सांगून काय उपयोग? तो पेढा आता कुठे असेल ते मी सांगू का?"

सगळे खोखो हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. संध्याकाळी कुंपणापाशी म्हणाले, "प्राचार्य बरोबर बोलले. जंतू वाढवून बघायचा तर दोन दिवस लागतात. सापडतो, पण उशिरा सापडतो."

त्या 'उशिरा'चा अर्थ मला त्यांच्या पत्नीने, मंदाताईंनी सांगितला. सर शाळेत असताना गावातल्या एका लग्नात त्यांची नऊ वर्षांची बहीण जेवली आणि जुलाब होऊन तिसऱ्या दिवशी गेली. तालुक्याला पाठवलेल्या पाण्याचा अहवाल आला तेव्हा तिचे दिवस होऊन गेले होते. अहवालात सगळं बरोबर लिहिलं होतं. "त्यांना एवढंच हवंय," मंदाताई म्हणाल्या, "एकदा तरी पंगत बसायच्या आधी सांगता यावं."

पेढ्यानंतर महिन्याभरात त्यांनी यंत्र बांधायला घेतलं. रेवा, तू ज्याला बायोसेन्सर म्हणतेस ते. मी विचारलं, "अँटिबॉडी म्हणजे नक्की काय?"

"आमची आत्या," सर म्हणाले. "हजार माणसांच्या पंगतीत तिचं वैर एकाशीच. बाकीच्यांकडे ती ढुंकून बघत नाही. पण तो एक दिसला की धरलीच कॉलर. मग सोडायचं नाव नाही."

"आणि मग जंतू मरतो?"

"मारायचं काम दुसऱ्यांचं. आत्याने धरून ठेवायचं. आपण फक्त बघायचं, आत्या कुणाला लटकलीय का."

"पण आत्या दिसते कुठे?"

"म्हणून तिला झोपाळ्यावर बसवायचं. झोपाळा एका ठेक्यात चाललेला असतो. आत्याने वैऱ्याला ओढून शेजारी बसवलं की वजन वाढतं, ठेका मंदावतो. आणि शेजारी दुसरा झोपाळा, त्यावर जिचं कुणाशीच वैर नाही अशी बाई. दोन्ही मंदावले तर नुसती धूळ बसली समजा. एकटी आत्याच मंदावली, तर जंतू."

यापेक्षा सोपं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या प्रकल्पात वापर. श्रेय मात्र आत्याला दे.

झोपाळा म्हणजे पावलीएवढी स्फटिकाची चकती. तिला वीज दिली की ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते, आणि तिच्यावर काही चिकटलं की थरथर किंचित उतरते. यंत्रावर लाल आकडे दिसतात. अशा चकत्या विकत घ्यायला कॉलेजकडे तजवीज नव्हती. पण लष्कराच्या जुन्या वायरलेस संचांत त्या असायच्या, आणि ते संच देवळाली कॅम्पच्या बाजारात भंगारात यायचे. सर दर रविवारी तिकडे जायचे. एका रविवारी भंगाराच्या दुकानात एका हवालदाराने त्यांना हटकलं. वायरलेसचे सुटे भाग गोळा करणारा, जाड चष्म्याचा, दुकानातला चहासुद्धा नाकारणारा माणूस, संशय येणारच.

"ये किस काम के लिए?"

सरांनी त्याला आत्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. हिंदीत. पाऊण तास. शेवटी हवालदारानेच त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवलं आणि बस निघेपर्यंत तिथे उभा राहिला. सर म्हणाले, "माणूस सुसंस्कृत होता." मला वाटतं, त्याला खात्री करून घ्यायची होती.

आता राहिल्या अँटिबॉडी. ससे पाळायला कॉलेजने परवानगी दिली नाही, म्हणून सरांनी दोन कोंबड्या आणल्या. कोंबडीला जुलाबाचे मेलेले जंतू टोचले की तिच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, आणि पिल्लाची शिदोरी म्हणून ती त्या अंड्याच्या बलकात भरून ठेवते. कोंबडीला काही होत नाही. अंडं गोळा करायचं आणि बलकातून आत्या काढून घ्यायची. तांबडी होती तिचं नाव सत्यभामा, तिला टोचायचे. पांढरी रुक्मिणी, तिला काही टोचायचं नाही, ती बिनवैराची बाई.

मंदाताईंच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्यांनी निवाडा दिला, "कोंबड्या अंगणात राहू देत. त्याही देवाच्याच. अंडं घरात येणार नाही."

"अगं, अंडं कोंबडीतूनच येतं ना?" सरांनी विचारलं.

"येऊ दे. आलं की शेजारी जाऊ दे."

शेजारी म्हणजे माझ्याकडे. अशी अँटिबॉडी माझ्या फ्रिजमध्ये आली. सर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने 'स' किंवा 'रु' लिहून आणून ठेवायचे. त्यांचं अक्षर भयंकर होतं. त्यांच्या बाटल्यांच्या आणि डब्यांच्या चिठ्ठ्या मीच सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची, आणि त्याचा मला अभिमान होता.

आता हे नीट वाचा. तुमच्या आईचं लग्न महिन्यावर आलं होतं. पाहुणे येणार म्हणून मी फ्रिज आवरायला काढला. दुसऱ्या कप्प्यात बारा अंडी, त्यांना अंगणातली घाण तशीच चिकटलेली. माझ्या फ्रिजमध्ये! मी ओलं फडकं घेऊन एकेक अंडं लख्ख पुसलं. पुसून झाल्यावर लक्षात आलं की पेन्सिलही पुसली गेली. मी घाबरले नाही. सहा अंडी पांढरी होती, सहा तांबूस. तांबड्या कोंबडीची तांबूस, पांढरीची पांढरी. मला हे अगदी तर्कशुद्ध वाटलं. मी स्केचपेनने तांबूस अंड्यांवर 'स' आणि पांढऱ्यांवर 'रु' असं सुंदर अक्षरात लिहिलं आणि सरांना काही बोलले नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नव्हतं.

त्याच अंड्यांतून काढलेल्या अँटिबॉडी चकत्यांवर बसवून सरांनी स्फटिकांची नवी जोडी तयार केली. दोन्ही डब्यांवर नावं मीच लिहिली. मेलेल्या जंतूंवर ती जोडी एकदा पारखून घ्यायची असते. ते राहिलं, कारण मी त्यांना सिडकोत पत्रिका वाटायला पाठवलं होतं.

लग्नात पाण्याचं खातं मी सरांकडे दिलं. ते फेटा बांधून सकाळी सातला कार्यालयात हजर. पिण्याच्या पाण्यात औषध टाकलं, पिंपांना झाकणं लावली, ओगराळी उकळली. नऊ वाजता कारखान्यातून मठ्ठ्यासाठी बर्फाची लादी आली. दोन माणसांनी ती गोणपाटावरून फरपटत, चपलांच्या वाटेवरून, स्वयंपाकघरात नेली.

"शंका आहे," सर म्हणाले.

त्यांनी बर्फाचा मोठा तुकडा बादलीत घेतला. ताक यंत्राला चालत नसे, त्यातलंच काहीबाही चकतीला चिकटायचं, म्हणून बर्फच. वितळलेलं पाणी बारीक गाळणीतून दाबून काढायचं, गाळणीवर राहील ते चमचाभर स्वच्छ पाण्यात घ्यायचं, त्यात दोन्ही चकत्या बुडवून ठेवायच्या, मग धुऊन, वाळवून आकडे बघायचे. विजेचा प्लग एकाच खोलीत मोकळा होता. नवरीच्या. तिथे आरशासमोर एका बाजूला तुमची आई आणि केस वाळवायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला सर आणि त्यांचं यंत्र, प्लग एक. तुमची आई अर्धे केस ओले ठेवून बोहल्यावर चढली, हे तिला एकदा विचारा.

अक्षता पडल्या. पानं मांडली गेली. मी विहीणबाईंना हळदीकुंकू लावत होते, तेवढ्यात सरांनी दारातून खूण केली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, झालं."

"काय झालं?"

"रुक्मिणी मंदावली. सत्यभामा जागची हललेली नाही."

"म्हणजे बर्फ चांगला?"

"म्हणजे काहीच कळत नाही. जिचं कुणाशी वैर नाही ती भांडतेय आणि आत्या गप्प बसलीय. यंत्र खोटं बोलतंय." त्यांनी वायर काढून खिशात कोंबली. "चार वर्षं, मॅडम. वाढू द्या मठ्ठा. नुसत्या शंकेवर मी तुमच्या मुलीची पंगत थांबवणार नाही. पेढ्याच्या वेळी हसले तेवढं पुरे."

ते बाकावर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. बाहेर वाढपी तांबे भरून घेत होते. माझ्या डोळ्यांपुढे ते स्केचपेन आलं.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही विद्यार्थ्यासमोर चूक कबूल केली नव्हती. तिथे, पैठणी नेसून, हातात कुंकवाची कोयरी घेऊन मी म्हणाले, "सर, ती अंडी मी पुसली होती."

"कोणती अंडी?"

"सगळी. नावंही पुसली गेली. मग मी परत लिहिली."

"कशावरून लिहिली?"

"रंगावरून."

"कशाच्या रंगावरून?"

"कोंबडीच्या."

 मला वाटलं सर आता ओरडणार. ते उभे राहिले आणि एवढ्या मोठ्याने हसले की सनईवाला थांबला.

"ताई! रुक्मिणीच तांबूस अंडं देते! सत्यभामाचं पांढरं! पिसांचा आणि अंड्याचा काय संबंध?" मग हसणं एकदम थांबलं. "म्हणजे डबे उलटे. मंदावली ती आत्या." आणि फेटा कसाबसा डोक्यावर टाकून ते धावले. "हाऊ बरफ खराब शे! कोनी पिऊ नका!"

फोटो तेव्हाचा आहे.

पिंपापाशी नवरदेवाचे मामा होते. सायखेड्याचे बागायतदार, भारदस्त मिशा, हातात ग्लास.

"ओ सर, तुमी मुलीचे कोन?"

"शेजारी."

"मंग शेजाऱ्यासारखं बाजूला ऱ्हा ना! लय शिकलेले दिसता. आमी गोदामाईचं पानी पिऊन वाढलो. आमाला काय नाय व्हत." असं म्हणून त्यांनी सरांच्या काखेखालून हात घालून ग्लास बुडवला आणि सगळ्यांदेखत एकापाठोपाठ एक दोन ग्लास रिचवले.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. "अहो, काय चाललंय हे? मठ्ठा खराब आहे असं म्हणतं कोण?"

"सर म्हणतात," मी म्हणाले.

"कशावरून?"

मी खरं ते सांगितलं. "दोन कोंबड्यांवरून."

विहीणबाई दोन पावलं मागे सरल्या. मुलीची आई इंग्रजी शिकलेली आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. डोकं ठिकाणावर नाही, हे स्थळ बघताना कुणी सांगितलं नव्हतं. चारशे माणसं पानांवर बसलेली, वरपक्षाचा मान, तुमच्या आईचा लग्नाचा पहिला तास, आणि दुसऱ्या पारड्यात माझ्याच चुकीने उलटलेलं यंत्र. सर हात मात्र खाली घेत नव्हते.

मी आचाऱ्याला सांगितलं, "ओता." तो म्हणाला, "बाई, दीडशे लिटर हाय!" मग मीच पिंपाला हात लावला. दुसऱ्या बाजूने सरांनी. मठ्ठा स्वयंपाकघराच्या फरशीवरून, माझ्या पैठणीच्या काठावरून, मोरीत गेला. त्याला कोथिंबिरीचा सुंदर वास येत होता, हे मला अजून आठवतं. पंगतीने साधं पाणी पिऊन जेवण केलं आणि वरपक्षाच्या बायका माझ्याशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंकडे सत्यनारायण होता. सर स्टीलचा डबा घेऊन आले. विहीणबाईंनी प्रसाद समजून दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि उघडला. आत त्यांची जंतू वाढवायची काचेची बशी होती. त्यावर हिरवट सोनेरी चकाकणारे ठिपकेच ठिपके.

"हे काय?"

"त्या बर्फातले पाहुणे," सर म्हणाले. "हात धुऊन घ्या."

त्यावर आतल्या खोलीतून क्षीण आवाज आला, "सर आले का? सर, आता भातावर दही खाऊ का हो?" ते मामा होते. दोन दिवसांत मिशासुद्धा खाली आल्या होत्या. चारशे माणसांतले तेवढे एकच आजारी पडले. पुढे त्यांनी आपल्या गावात सरांचं व्याख्यान ठेवलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांना हात धुवायला पाठवलं.

परत येताना रिक्षात सर अशोकस्तंभापाशी म्हणाले, "ताई, या वेळी पंगतीच्या आधी सांगितलं." मी रिक्षाबाहेर बघितलं. त्यांना चष्मा पुसायला वेळ हवा होता.

त्या यंत्राचं पुढे फार काही झालं नाही. त्यांनी लेख लिहिला, इंग्रजी मी तपासलं. एका जोडीवर आणि एका लग्नावर निष्कर्ष काढता येत नाही, असं उत्तर आलं. सर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पण दुसरं लग्न आणू कुठून? तुम्हाला एकच मुलगी." पुढे मोठ्या प्रयोगशाळांनी याहून चांगली यंत्रं केली. ती बातमी वर्तमानपत्रात आली की ते कात्रण कापून मला आणून देत. कडेला लिहिलेलं असे, 'आत्या प्रगतिपथावर.'

निवृत्त झाल्यावर ते गावी गेले. आसपासच्या शाळांच्या टाक्या तपासत फिरायचे. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जुन्या सीबीएस स्टँडवर, सटाण्याच्या गाडीत. खिडकीची जागा, मांडीवर पिशवी, हातात घरचा तांब्या. खाली रसवंतीवाला ग्लास पुढे करत होता आणि सर खिडकीतून नमस्कार करत होते, तोच जुना, मनापासूनचा. मला बघून त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा काढून माझ्या हातात दिला. गाडी हलली. त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "ताई, अंडी धुऊ नका!"

त्यानंतर दोन वर्षांनी मंदाताईंचं पत्र आलं. सर झोपेत गेले होते.

सत्यभामा आणि रुक्मिणी आधीच गेल्या होत्या. यंत्र कॉलेजने नवी इमारत बांधताना मोडीत काढलं. तो डबा माझ्या शिवणाच्या पेटीत आहे. आत एक स्फटिक आहे आणि झाकणावर माझ्या अक्षरात 'रुक्मिणी' लिहिलेलं आहे. ती सत्यभामा आहे. चिठ्ठी मी बदललेली नाही.

तुमची आजी